घोड्याचा दात

पुष्कळ प्रकरणं विसरले मी, पण हे एक काही केल्या विसरता येत नाही. खून नाही, दरोडा नाही. ठाण्याच्या दप्तरात दोन-चार कागदांत मावलेलं प्रकरण. तरी घरात कुणी बंदुकीचा विषय काढला की मला त्या बाईचा अंगठा दिसतो.

आधी मी ठाण्यावर कशी, ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल त्या काळात बाई कुठली पोलिसात. मिठाच्या सत्याग्रहात बायका पकडल्या जायला लागल्या आणि साहेबांची पंचाईत झाली. बाईची झडती बाईनंच घ्यायची, बाई कैदी असली की शेजारी बाईच बसवायची, असा नियम. माझे यजमान त्याच ठाण्यावर शिपाई होते. ते तापानं गेले, तेव्हा फौजदार साहेबांनी मला ठेवून घेतलं. गणवेश नाही, पट्टा नाही. दंडाला एक बिल्ला तेवढा होता. पण हजेरी रोजची, आणि कामही रोजचं. ठाणं अलिबागच्या खाली, खाडीच्या काठाला.

जवळच्या एका गावात नारळी-पोफळीची मोठी वाडी असलेले एक मालक होते. नाव सांगत नाही, घरची माणसं अजून नांदतायत. मालक नावाजलेले शिकारी. डोंगरातून डुकरं उतरून रताळी, वाल सगळं उकरून टाकायची, म्हणून सरकारनं त्यांना शिकारीच्या रायफलीचं लायसन दिलेलं. मालकांना दोन बायका. थोरलीला मूल झालं नाही म्हणून धाकटी केली. थोरली चाळिशीच्या पुढची, धाकटी बाविशीची असेल.

एका सकाळी मालक राखणीवरून परतले. धाकटीनं दारात त्यांच्या हातातून बंदूक घेतली, पायरीवर दस्ता टेकवला, नळीच्या तोंडावर तळहात ठेवून बोलत उभी राहिली, आणि बार उडाला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. मचव्यातून, खाडीवाटे, तिला अलिबागच्या सरकारी दवाखान्यात नेली. साहेबांनी पंचनामा केला, बंदूक मुद्देमालात जमा केली. मालकांनी जबाब दिला, "घोडा अर्ध्यावर होता. इतकी वर्षं तसाच ठेवतो. कसा उडाला, देव जाणे." अपघात म्हणून कागद मिटायच्याच बेतात होते.

चौथ्या दिवशी आमच्याकडे मासळी घालणारी कोळीण आली. टोपली पायरीवर ठेवली, मला म्हणाली, "बाय, तुजे सायबाला सांग. त्या थोरलीनं घोऱ्याचा दात घासून घेतलाय. मना लोहाराचे बायकोनं सांगलंय."

"घोड्याचा दात? त्याचा बंदुकीशी काय संबंध?"

"ता मना न्हाय ठाव. पन ती म्हनं, त्या दातापायीच पोरीचा हात गेला. घे, बोंबील घेतेस का?"

मी तशीच जाऊन हवालदारांना सांगितलं. त्यांनी स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्यांचे डोळेच चमकले. कारण आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं, घोड्याचे दलाल म्हाताऱ्या जनावराचे दात घासतात आणि तरुण म्हणून गळ्यात मारतात. आणि त्या घरात दिवाळीतच एक घोडा आलेला. धाकटीला माहेरी जायला टांगा पाहिजे म्हणून! थोरली वीस वर्षं माहेरी पायी गेली, त्याची कुणाला आठवण नाही. हवालदारांनी लगेच गणित मांडलं. थोरलीनं दलालाशी संधान बांधून धाकटीला म्हातारं घोडं मिळेल असं केलं, ते उघडं पडलं, भांडण झालं, आणि त्या रागात बंदूक. ठरलं त्यांच्या मनात.

दुसऱ्या दिवशी हवालदार दोन शिपाई घेऊन तबेल्यात गेले आणि घोड्याच्या तोंडात हात घालून दात बघू लागले. घोडा चांगला तरुण होता, हे हवालदारांच्या मनगटावरून समजलं. पट्टी बांधून परत आले तेव्हा शिपाई तोंड फिरवून हसत होते. साहेब म्हणाले, "घोड्याचा जबाब झाला ना? आता माणसांचे घ्या."

थोरलीला ठाण्यावर आणलं. मी झडती घेतली. अंगावर मंगळसूत्र आणि चार बांगड्या, त्या नियमाप्रमाणे काढून ठेवल्या; कनवटीला सुपारीचं खांड. पण तिच्या पदराच्या टोकाला वास येत होता तेलाचा. नारळाच्या तेलाचा नाही. ओळखीचा वास, पण त्या वेळी डोक्यात पेटलं नाही. मी तिच्या मागे भिंतीला टेकून बसले. हवालदार समोर.

"घोड्याचा दात कुणी घासला?"

तिनं पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. मग म्हणाली, "तीन पावसाळे झाले. मीच घासून घेतला."

"तीन पावसाळे? घोडा तर दिवाळीत आला."

"छे. तो माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे घरात."

हवालदारांनी आपल्या मनगटाच्या पट्टीकडे बघितलं. "वय काय म्हणता त्याचं?"

"त्याला कसलं वय? वय झालं ते..." आणि ती थांबली. पुढचं गिळलंन.

"दात घासल्यावर घोडा काही त्रास देतो का?"

"हातात घेताना जपावं लागतं. जरा धक्का लागला की पडतो."

"घोडा हातात घेता?" मागे शिपाई फिसकन हसला. हवालदार तांबडेलाल. "बाई, हे पोलीस ठाणं आहे. इथे थट्टा चालायची नाही!"

"मी कुठे थट्टा करते?" ती खरोखरच गोंधळली होती. "असा धरून अलगद उतरवायचा, एवढंच म्हणते." आणि तिचा उजवा अंगठा वाकला, हळूहळू खाली आला. खालून तर्जनी आकडा करून त्याला सांभाळत होती.

मग माझ्या डोक्यात पेटलं. माझे यजमान पहाऱ्यावरून आले की सरकारी बंदूक पुसायचे, त्याच तेलाचा वास, आणि घोडा उतरवताना त्यांचा अंगठा अगदी असाच खाली यायचा. मी उठून सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, घोडा टांग्याचा नाही. बंदुकीचा आहे."

साहेबांनी हातातला टाक खाली ठेवला. मग मुद्देमालाच्या खोलीची चावी मागवली. बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, घोडा अर्ध्यावर चढवला. अर्ध्यावर असला की चाप कितीही दाबा, घोडा पडता कामा नये, असा त्या बंदुकांचा कायदा. साहेबांनी चापाला हातसुद्धा लावला नाही. दस्ता जमिनीवर जरा आपटला. खट्! घोडा पडला. हवालदारांना करायला लावलं. पुन्हा खट्! मग पुरा चढवून चाप ओढून बघितला, नुसतं बोट टेकताच सुटला. साहेब म्हणाले, "ही बंदूक नाही, हा विंचू आहे."

लोहाराला बोलावलं. त्यानं लपवलं नाही. तीन वर्षांमागे थोरली सुक्या मासळीच्या टोपलीत तळाशी बंदुकीची कळ, म्हणजे घोडा नि चाप बसवलेला भाग, फडक्यात गुंडाळून घेऊन आली होती. घोड्याला अडवून धरणारा जो दात असतो, तो कानशीनं घासून चाप हलका करून दे, म्हणाली. "मी सांगितलं साहेब, हलका होईल पण बंदूक बेभरवशाची होईल. त्या बोलल्या, बंदूक माझ्याच हातात असते, मी बघते. आणि मालकांना सांगायचं नाही म्हणून शपथ घातली."

आता प्रकरण वाकडं झालं. साहेबांच्या मनात एकच प्रश्न, तिनं धाकटीला सांगितलं होतं की नव्हतं? बंदूक धोक्याची आहे हे माहीत असून मुद्दाम गप्प बसली असेल, तर खटला. तिला सजा झाली तर झालीच, पण नुसतं कोर्टात उभं राहावं लागलं तरी ते घर तिला परत घेणार नव्हतं. माहेरी कुणी उरलं नव्हतं. त्या पायरीच्या आत जायला मिळणार की नाही, एवढाच तिचा सवाल होता.

दुपारी साहेबांनी मला तिच्याशी बोलायला बसवलं. मी घरून भात आणि वालाचं बिरडं आणलं होतं. तिनं दोन घास खाल्ले.

"घासलात कशाला हो?" मी विचारलं.

"ह्यांच्या बोटाला पाकट माशाचा काटा लागला होता. बोट आखडलं. चाप ओढायला जोर लागायचा नि नळी हलायची. तीन डुकरं चुकली लागोपाठ. गावात हसायला लागले. हे म्हणायचे, वारा होता, उजेड नव्हता. रात्र रात्र जागायचे. मग मी लोहाराकडे गेले. पुढच्याच खेपेला रानात हाका घातला, तेव्हा दोन डुकरं पाडली! घरी येऊन मला बोट दाखवलं, म्हणाले, बघ, आलं का नाही ताळ्यावर?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"आलं म्हटलं." तिला हसू आलं.

त्या दिवसापासून दारात बंदूक तीच हातात घ्यायची. मालक वहाणा काढायच्या आत ती गोळी काढून घोडा उतरवायची, मग पुसायची, तेल द्यायची. मालकांना वाटायचं, बायकोची हौस.

"आणि धाकटी आली."

"स्वयंपाकघर घेतलंन, मी काही बोलले नाही. माजघरातली खोली घेतलीन. टांगा आला. जाऊ दे म्हटलं. त्या दिवशी मी पाणी तापवत होते, आणि ही पुढे झाली, म्हणाली, 'आजपासून बंदूक मी घेणार, अक्का.' आणि ह्यांनी दिली. हसून दिली."

"त्या क्षणी ओरडला का नाहीत?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "तोंड उघडलं होतं मी. सांगितलं असतं, तर मग ते पण तिचंच झालं असतं. एवढं एकच माझं उरलं होतं. म्हटलं, विचारू दे. विचारलं की सांगीन. तिनं विचारलं नाही." मग हळू म्हणाली, "दोन श्वासांएवढा वेळ गेला असेल. तेवढ्यात बार झाला."

पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. त्यामुळे सगळं धाकटीच्या जबाबावर येऊन थांबलं. साहेब आणि मी अलिबागला गेलो. धाकटी खाटेवर बसली होती, हात पांढऱ्या पट्ट्यांत. साहेबांनी सरळच विचारलं, "बंदूक धोक्याची आहे हे थोरल्या बाईंनी तुम्हांला कधी सांगितलं होतं?"

"होय. अक्कांनी सांगितलं होतं. दगडावर टेकवू नको म्हणाल्या होत्या. माझ्याच ध्यानात राहिलं नाही."

साहेबांनी तिला ते तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर. जबाब लिहून, वाचून दाखवून, उजव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा घेतला. साहेब डॉक्टरांना भेटायला गेले, तशी मी तिच्याजवळ सरकले.

"का गं खोटं बोललीस?"

ती खिडकीकडे बघून म्हणाली, "त्यांना तुरुंगात घातलं, तर हे रोज दारात बसून त्यांचीच वाट बघतील. आत्ताच बघा ना, दोनदा भेटायला आले नि दोन्ही वेळा विचारत होते, तिला जेवायला देतात का ठाण्यावर." मग माझ्याकडे वळली. "ह्यांच्यासाठी चाप हलका केला ना त्यांनी? लोहाराला ठाण्यावर बोलावलं हे कानावर आलं, आणि ह्यांचं आखडलेलं बोट मला ठाऊक आहे, तेव्हाच समजलं मला. ते ह्यांना कळता कामा नये. अक्का घरात राहू देत, मी सांभाळीन. पण ते नको."

तिची दोन बोटं गेली होती, आणि तिला काळजी ती ह्याची! तिचं हे बोलणं मी वाटेत साहेबांना सांगितलं नाही, आणि पुढेही कधी कुणाला नाही.

कागद अपघातात मिटले. बंदूक लायसनासह जमा झाली. मालकांनी मान्य केलं की दात झिजला असेल, जुनी बंदूक. त्यांना खरं काय ते माहीत होतं का, मी कधी विचारलं नाही. थोरलीला सोडताना तिच्या बांगड्या परत देत मी म्हटलं, "जा घरी. धाकटीनं जबाब दिलाय की तुम्ही तिला आधीच सांगून ठेवलं होतं."

मला वाटलं, पाया पडेल, रडेल. ती उभीच राहिली. तोंडावरचा सगळा रंग उतरला. "असं बोलली ती?" म्हणाली. "म्हणजे आता मी जन्मभर तिच्या उपकारात." बांगड्या हातात न चढवता तशाच मुठीत धरून ती पायऱ्या उतरली. पुढे पंधरा-वीस वर्षं त्या दोघी एकाच घरात राहिल्या. बाजारात भेटायच्या. थोरली पिशवी धरायची, धाकटी भाव करायची.

ह्या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं विचाराल तर मोठं काही नाही. ठाण्यावर बाई आणली की साहेब विचारायचे, तू काय केलंस? हवालदार विचारायचे, कुणी करायला लावलं? त्यानंतर मी माझा एक प्रश्न धरला. सगळे उठून गेले की पाण्याचा तांब्या पुढे करून मी हळूच विचारायची, "कुणाला काय सांगायचं मागे ठेवलंस गं?" आणि कितीदा तरी असं झालं की दिवसभर दगडासारखी बसलेली बाई तेवढ्यावर रडायला लागली.

तोच प्रश्न मला कधी कुणी विचारला नाही. विचारला नाही तेच बरं झालं.