दोन ठोक्यांना एक

हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून घरी आलो तेव्हा जीव वाचल्याचा आनंद होताच, पण भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. वीस वर्षं मी सकाळी भिवंडीहून अंजूरच्या रस्त्याने पळत आलोय. ते सुटलं असतं तर कारखान्यातल्या खुर्चीत बसून लोकांवर खेकसणारा म्हातारा झालो असतो. खेकसतो आताही, पण पळून आलेल्या दिवशी जरा कमी.

चार महिन्यांनी सगळ्या तपासण्या करून डॉक्टरांनी हळूहळू पळायला परवानगी दिली. ठोके एकशेवीसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत आणि ते मोजायला यंत्र घ्यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. बायकोने त्यात आपली अट घातली. "रोजचा आकडा मला दाखवायचा. एकदा जरी वर गेला, तर बूट माळ्यावर टाकीन." अ‍ॅम्ब्युलन्समध्ये माझा हात धरून बसली होती ती, त्यामुळे वाद घालायला मला तोंड नव्हतं.

दुकानदाराने एक चकचकीत मनगटी घड्याळ माझ्या गळ्यात मारलं. झोप मोजतं, पावलं मोजतं, बसून राहिलात तर ओरडतं. ओरडायला घरात माणूस आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळ घालून कारखान्यात गेलो. आमच्याकडे कापड विणणारे चोवीस लूम आहेत. चालत्या लूमच्या चौकटीवर हात ठेवला की आत कुठे बिघडतंय ते हाताला कळतं. ही सवय वडिलांची, ती माझ्याकडे आली. तसाच हात टेकून उभा होतो आणि सहज घड्याळाकडे नजर गेली. एकशेबावन्न.

तोवर छातीत काही नव्हतं, आकडा वाचल्यावर मात्र दुखायलाच लागलं. आधाराला लूम आणखी घट्ट धरला. आकडा तसाच. खरं सांगायचं तर मनात आधी मरण आलंच नाही, माळ्यावरचे बूट आले. हे बायकोला मी अजून सांगितलेलं नाही.

त्या लूमवर चाचा होते. वडिलांच्या वेळचे विणकर, आमच्या पुढच्याच गल्लीत राहणारे. माझा चेहरा बघून ते जवळ आले. मी घड्याळ दाखवलं. त्यांनी माझं दुसरं मनगट धरलं, नाडीवर दोन बोटं ठेवली आणि पुढेमागे होत धागा ठोकणाऱ्या फणीवर नजर लावली. मग त्या खडखडाटात कानाशी तोंड आणून म्हणाले, "लूम दोन ठोके मारतो तवा तुमची नस एकदा चालते. ह्यो लूम मिनिटाला दीडशे मारतो, मला म्हाईत हाय. हिसाब तुम्हीच करा. आनि पहिला मशीनवरचा हात काढा, शेठ."

पंच्याहत्तर. हात काढला तसं घड्याळही थोड्या वेळाने तिथेच उतरलं. इतका वेळ ते लूमचे हादरे मोजत होतं आणि सगळा जन्म लुमांत काढलेल्या मला ते कळलं नव्हतं.

तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढला. तो ठीक होता. "पळताना पावलांच्या हादऱ्यानेही फसेल ते," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही छातीवर बांधायचा पट्टा घ्या." बायकोचा मात्र यातल्या कशावर विश्वास बसेना. ती कारखान्यात आली, घड्याळ स्वतःच्या हातात घातलं आणि लूमवर हात ठेवला. तिचाही आकडा चढत चढत दीडशेला गेला. "म्हणजे स्टेंट मलाही लागतोय," ती म्हणाली. त्या आजारपणानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा पोटभर हसलो ते तिथे.

घड्याळ बदलून पट्टा आणला. तो ओला करून बनियनच्या आत बांधावा लागतो. शुक्रवारी सकाळी तिने स्वतः नळाखाली धरून तो ओला केला आणि माझ्या हातात दिला. अंजूरच्या रस्त्यावरच्या गोदामांपर्यंत पळत जाऊन परत आलो. पट्ट्याने फोनवर दाखवलेला सगळ्यात वरचा आकडा एकशेसोळा. तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "तरी चाचांना दाखवून या."

चाचा धुतलेला कुर्ता घालून दारातल्या पायरीवर बसले होते. मी हात पुढे केला. त्यांनी नाडीवर बोटं ठेवली आणि सवयीने मान वर करून समोर पाहिलं. समोर गल्ली होती.

"आज जुम्मा," ते म्हणाले. "लूम बंद. कशावर मोजू?"

खरंच होतं. शुक्रवारी आमचं गाव गप्प असतं. मी हात काढून घेणार होतो, पण त्यांनी सोडला नाही. दुसऱ्या हाताची बोटं त्यांनी स्वतःच्या गळ्यावरच्या शिरेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"तुमची नस माझ्या जरा पुढं हाय. पलून आलात ना. बसा."

मी त्यांच्या शेजारी बसलो. या माणसाचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नव्हतं, अजूनही कळत नाही. पळून आल्याचा दम हळूहळू खाली बसला. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "हां. आता बरोबर चाललो दोघं."