घरच्याला कल्ला दाखवत नाहीत

लग्न होऊन सातपाटीत आले तेव्हा मला मासा ओळखता येत नव्हता. माझं माहेर मासवणकडचं, भातशेतीचं. आमच्याकडे मासा म्हणजे सुके बोंबील, नाहीतर पावसाळ्यात नदीत मिळेल तो. पण पुस्तकी हुशारी होती. ताज्या माशाचा कल्ला लाल असतो आणि शिळा होत गेला की तपकिरी पडतो, हे मी कुठेतरी वाचून पाठ केलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच सासूबाईंबरोबर बोईसरच्या बाजारात त्यांच्या मासळीच्या पाटीवर जाऊन बसले. त्यांनी घरासाठी म्हणून एक सुरमई बाजूला काढली, तशी मी पुढे सरसावले आणि दोन बोटांनी तिचा कल्ला उचलून आत बघितलं. आजूबाजूच्या मासेवाल्या खदाखदा हसल्या. सासूबाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

"गिऱ्हाईक हायेस काय गो? घरच्याला कल्ला दाखवत नाय."

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, आतून फार बरं वाटलं. आमचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं नव्हतं. शेतावरची मुलगी कोळणीच्या घरात कशी टिकते, हे बघायला दोन्हीकडची माणसं टपून बसली होती. त्यात सासूबाईंनी भर बाजारात मला घरचं म्हटलं. तेव्हापासून त्या देतील तो मासा मी न बघता पिशवीत घ्यायला शिकले. कल्ला दाखवायचा तो परक्याला.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. तयार मालाची छटा मूळ नमुन्याशी जुळते की नाही, हे बघणं माझं काम. शिवाय कारखान्याच्या बसमध्ये माझी आणखी एक नोकरी असते, बिनपगारी. कुणाला फोन घ्यायचा असला की मला विचारतात. कॅमेरा कुठला बरा, एआय असलेला घ्यावा की साधा चालेल, यावर सगळी बस बोलते. पॅकिंगमधला एक भाऊ म्हणायचा, "मॅडम, बॅटरी टिकनी चाहिये, बाकी सब नौटंकी है." मी त्याला मागासलेला ठरवायचे. स्टोअरमधल्या बाई म्हणायच्या की त्यांच्या फोनमध्ये नको असलेली ढीगभर ॲपं आहेत आणि काढायला गेलं तर निघत नाहीत. मग माझं भाषण सुरू. जगातले जवळपास सगळे फोन दोन-तीन कंपन्यांच्या मुठीत कसे आहेत, आपण पैसे मोजायचे आणि घरात कोण राहणार हे मात्र त्यांनी ठरवायचं, सरकारने त्यांना वेसण घातलीच पाहिजे, ग्राहकाने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. बोलताना मला मोठा जोर चढायचा. बस वसाहतीच्या फाटकाशी थांबली तरी माझं संपलेलं नसायचं.

अशी मी. सासूबाईंचा जुना फोन बंद पडला तेव्हा त्यांना एआय कॅमेऱ्याचा फोन घ्यायचा, हे अर्थात मीच ठरवलं. त्यांना नको होता. नवरा म्हणाला, "तिला फोन लावायला आणि उचलायला हवाय, चंद्रावर जायला नकोय." त्याच्या बोलण्याला मी कधीच फारशी किंमत देत नाही, तेव्हाही दिली नाही. कॉलनीतल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचा एक ग्रुप मी करून दिला. रोज सकाळी बाजारात माल मांडला की त्याचा फोटो तिथे टाकायचा, बायकांनी घरबसल्या मासा सांगून ठेवायचा आणि बाजारात येऊन न्यायचा. सासूबाईंना फोटो काढायला आणि पाठवायला मी शिकवलं. लिहायचं म्हणजे त्यांना कंटाळा. पण फोटो काढताना त्या एक गोष्ट न चुकता करायच्या, जी मी शिकवली नव्हती. डाव्या अंगठ्याने माशाचा कल्ला उघडून धरायच्या आणि मगच बटण दाबायच्या.

"चार शब्द बोलून पाठवा ना सोबत," मी म्हणाले होते. "आजचा आहे, कालचा आहे, काहीतरी."

"कल्ला दाखवला का मंग बोलायचा काय?" त्या म्हणाल्या.

त्यांचं बरोबरच होतं. पाटीवर बसून आयुष्य गेलं त्यांचं. आदल्या दिवशीचा बर्फातला मासा उरला तर तो वेगळा ठेवायच्या, भाव कमी लावायच्या आणि मागणाऱ्यासमोर कल्ला उघडायच्या. घेणाऱ्याने बघावं आणि ठरवावं. जिभेने वचन देण्याचा त्या धंद्यात रिवाजच नाही, जो तो आपल्या मालाला ताजाच म्हणतो. खरंखोटं काय ते कल्ल्यात. तसाच त्या फोटोतही कल्ला दाखवत होत्या.

फोटो इतके सुंदर यायचे की विचारू नका. पापलेट चांदीचं, सुरमई निळीशार. बाजारातल्या उन्हात आणि त्यांच्या अधू डोळ्यांना पडदा धड दिसायचा नाही. त्या बघायच्या माशाकडे आणि कॅमेरा बघायचा स्वतःच्या मर्जीने. ग्रुपवर बायका अंगठे दाखवायच्या, मासा भराभर खपायचा. मी बसमध्ये ते फोटो फिरवायचे. "बघा, याला म्हणतात एआय," असं मी पॅकिंगमधल्या भावाला ऐकवलंसुद्धा.

मग तो सुट्टीचा दिवस आला. मी सासूबाईंच्या शेजारी बसून कोळंबी निवडत होते. कॉलनीतल्या एक बाई तरातरा आल्या. हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन. थोड्या वेळापूर्वीच त्यांनी घाईघाईत रावस नेला होता, फोटो बघूनच सांगून ठेवलेला. त्यांनी तो पाटीवर ठेवला, कल्ला उचलला आणि शेजारी फोन धरला.

"मावशी, हा काय प्रकार आहे? फोटोत बघा आणि इथे बघा."

मी वाकून बघितलं. माशाचा कल्ला तपकिरी, बर्फात राहिलेल्या माशाचा असतो तसा. फोटोतला जास्वंदीसारखा लाल. डोळासुद्धा काचेसारखा चमकत होता. दोन छटांमधला फरक ओळखणं हे माझं काम. तो मी ताबडतोब ओळखला. आणि त्याचा अर्थ काय लावला?

"आई," मी म्हणाले, सगळ्यांसमोर, "फोटो दुसऱ्या माशाचा पाठवलात का?"

मी ओरडले नव्हते. समजुतीच्या सुरात विचारलं, जणू म्हातारं माणूस चुकलं असेल तर सांभाळून घ्यायला मी आहे. तो सूर आठवला की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. आजूबाजूच्या मासेवाल्यांच्या माना वळल्या. एकमेकींच्या गिऱ्हाइकांवरून त्यांचं दिवसभर वाजत असतं, पण मालावरून कुणी कुणाला खोटं पाडत नाही. आणि इथे घरच्याच सुनेने विचारलं होतं.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नवीन गिऱ्हाइकाकडे बघतात तसं, कुठून आलंय ते ओळखायला. मग त्या बाईंना म्हणाल्या, "बाय, तो कालचाच हाय, म्हनून तर भाव कमी लावला. कल्ला दाखवला होता फोटोत. नको तर ह्यो घे, आजचा." त्यांनी ताजा रावस काढून दिला, जुना परत घेतला. त्या बाई पुटपुटत गेल्या, "तुमची सूनबाईच विचारतेय, मग आम्ही काय समजायचं?"

परतलेला रावस आम्ही घरी नेला. दुपारी स्वयंपाकघरात तो ताटात ठेवून मी सासूबाईंचाच फोन हातात घेतला, कल्ला उघडला आणि फोटो काढायला गेले. पडद्याच्या कोपऱ्यात चमचा-काट्याचं एक इवलंसं चित्र उमटलं. फोनने ओळखलं होतं की समोर खाण्याची वस्तू आहे. आणि माझ्या डोळ्यांदेखत ताटातला तपकिरी कल्ला पडद्यावर लाल झाला. मी फोन बाजूला केला, तपकिरी. फोन पुढे धरला, लाल. किती वेळ ते करत बसले कोण जाणे. जेवण चविष्ट दिसावं म्हणून फोन रंग चढवतो, हे मी स्वतः त्या बसमध्ये कौतुकाने सांगितलं होतं. पण मासा पाटीवर असतो तोवर तो जेवण नसतो, त्याचा रंग म्हणजे विकणाऱ्याचा शब्द असतो, हे ना त्या फोनला माहीत ना मला आठवलं.

लाज अशी वाटली की आधी मी चिडले. कंपनीवर, जाहिरातींवर, ते रंगकाम आपल्याला न विचारता कॅमेऱ्यात घालून ठेवणाऱ्यांवर. ते बंद करायची खूण सेटिंगच्या पोटात कुठेतरी सापडली. फोन अपडेट झाला आणि ते आपोआप पुन्हा सुरू झालं. दुसरं कॅमेऱ्याचं ॲप घालून बघितलं, पण बाजूचं बटण दाबलं की फोनचा तो मूळ कॅमेराच उघडायचा, आणि त्याला काढून टाकता येईना. ग्रुपवर मी भलामोठा खुलासा लिहिला, खऱ्या कल्ल्याचा आणि फोटोतल्या कल्ल्याचा फरक समजावून. त्या बाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बसमध्ये मी हा सगळा किस्सा सांगितला, कंपन्यांना चार शिव्या घातल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काय विचारलं होतं तेवढं मात्र सांगितलं नाही.

सासूबाईंना सांगायला गेले तेव्हा त्या अंगणात जाळ्याला ठिगळ लावत होत्या. मी फोन दाखवला, चमचा-काटा दाखवला, कंपनीची कशी लबाडी आहे ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग फोनची चूक," त्या म्हणाल्या.

"हो ना! फोनचीच."

"त्याला काय म्हाईत मी कोन," त्या म्हणाल्या, आणि दोरा दातांनी तोडला. "तुला म्हाईत होता."

मी माफी मागितली. त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि मला चहा ठेवायला सांगितला. भांडण नाही, अबोला नाही. मला वाटलं, मिटलं. त्यांनी तो फोन नातवाला खेळायला दिला, स्वतः बटणांचा साधा फोन घेतला, आणि ग्रुप आपोआप थंड पडला. गिऱ्हाइकं परत पाटीवर यायला लागली, कल्ला स्वतःच्या डोळ्यांनी बघून न्यायला लागली.

पुढच्या सुट्टीला मी बाजारात गेले. निघताना त्यांनी नेहमीसारखी घरासाठी सुरमई काढली. मी नेहमीसारखी पिशवी उघडी धरली. पण त्यांनी ती पिशवीत टाकली नाही. अंगठ्याने कल्ला उचलला आणि माशाचं तोंड माझ्याकडे केलं.

"बघ."

"आई, कशाला? मला कशाला दाखवता?"

"बघून घे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मागून बोलायला नको."

शेजारच्या बायका आपापल्या पाटीत बघत होत्या. मी पिशवी पुढे केली, तरी त्यांचा अंगठा हलेना. शेवटी मी वाकून आत बघितलं. कल्ला लालभडक होता.

"हाय ना ताजा?"

"हो," मी म्हणाले.

मग त्यांनी मासा पिशवीत टाकला. तेव्हापासून दर वेळी त्या मला कल्ला दाखवतात, आणि मी बघून "हो" म्हणते.