गुणाची बाय

जुळ्यांची आई होण्याआधी मी बारा वर्षं शाळेत शिकवत होते. त्यामुळे पोरं ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. फक्त एकदा मी सपशेल आपटले.

भाट्याच्या पुलापलीकडे आमचं घर. नवरा मुंबईला. घरात सासरे, सासूबाई, मी आणि माजघरात टांगलेल्या दोन झोळ्या. एकीत मुलगा, एकीत मुलगी. मुलाला भूक लागली की घर डोक्यावर. कुरकुर वगैरे भानगडच नाही, एकदम टाहो. मुलगी जागी झाली की दोन बोटं तोंडात घालायची आणि खिडकीकडे टक लावून पडून राहायची.

"बाय गुणाची आहे गो. रडायचं म्हणून ठाऊक नाय तिला," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मलाही कौतुक. आमच्याकडे पहिली पानं पुरुषांची वाढतात, तीच रीत मी नकळत झोळीपर्यंत नेली. आधी मुलगा प्यायचा, मग उरेल ते मुलीला.

अडीच महिन्यांनी उपकेंद्रात वजनं केली. मुलाचं चांगलं वाढलं होतं. मुलीचं होतं तिथेच. नर्सताईंनी तिला पुन्हा काट्याला लावलं.

"ही रडते का?"

"छे, अगदी शांत आहे," मी अभिमानाने म्हटलं.

"मग हिला भूक लागलेली तुम्हाला कळते कशी?"

वर्गात गप्प बसलेल्या पोराला सगळं समजलंय, असं मी कधी धरून चालत नाही. पोटच्या पोरीच्या बाबतीत मात्र नेमकं तेच धरून बसले होते. परतताना रिक्षात मला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही.

त्या दिवसापासून मुलगी आधी. बोटं तोंडाकडे निघाली की मी तिला उचलायची. मुलगा आकांत मांडायचा.

"पोरगा काळानिळा होतोय गो," सासूबाई कळवळायच्या.

"होऊ दे, आई. त्याला सांगता तरी येतंय. तुम्ही वाईच त्याच्या छातीवर हात ठेवा."

हात ठेवला की तो हळूहळू निवायचा. त्याचं सासूबाईंनाच नवल वाटायचं.

काही आठवड्यांनी एका दुपारी मी परसात कपडे वाळत घालत होते. आतून रडणं ऐकू आलं, पण आवाज ओळखीचा नव्हता. सासूबाई बांगडे साफ करायचे टाकून तशाच धावल्या. मुलगी बोटं सोडून, मुठी आवळून ओरडत होती.

"हिला काय चावलं की काय गो?"

"भूक लागलीय तिला."

मी तिला पदराखाली घेतलं आणि मला रडूच कोसळलं. इतका आनंद मला ती दोघं जन्मली त्या दिवशीही झाला नव्हता. पोरगी आता वाढणार, हे मला वजन करण्याआधीच कळलं होतं, आणि ती वाढलीच.

सासूबाई बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "तू जेवलीस काय?"

तीन वाजून गेले होते.

"जेवते नंतर," सवयीने तोंडातून गेलं. मांडीवरची पोर अजून हुंदके देत पीत होती.

"नाही जेवले, आई," मी म्हटलं. "सपाटून भूक लागलीय. ताट इथेच आणून द्या."