कुसुमताईंचा व्हॅम्पायर

पिंपळे गुरवहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रोज सकाळी एक व्हॅम्पायर बसतो, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल. पण त्या बसमधल्या बायकांना विचारून बघा. त्या हसायच्या नाहीत, उलट तुम्हालाच विचारतील, "काल कुठवर आली होती हो गोष्ट?"

गोष्ट कुसुमताईंची. ताई मूळच्या परांड्याकडच्या. लग्न होऊन इकडं आल्या, नवरा भर तारुण्यात गेला आणि पदरात लहानगी दिव्या असताना त्या चाकणच्या कंपनीत लाइनवर उभ्या राहिल्या. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचे, टेप गुंडाळायची. दिव्या दहावीत गेली आणि तिला मोबाइलवर सिनेमांचं वेड लागलं. सिनेमे कसले, तर हिंदीत डब केलेले. पांढऱ्याफटक तोंडाचा एक देखणा पोरगा, शेकडो वर्षं जुना, माणसांचं रक्त पिणारा, आणि जीव कुणावर जडलाय तर एका कॉलेजातल्या पोरीवर! ताई एकदा रागावून शेजारी बसल्या. म्हटलं, बघू तरी ही कार्टी काय बघतेय. अर्ध्या सिनेमानंतर त्याच विचारत होत्या, "आता चावतो का गं हा तिला?"

पुढं दिव्या नर्सिंग शिकायला लातूरला गेली आणि घर ओकंबोकं झालं. ताईंना करमेना. मग एकदा मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकून पडली, कुणाच्या मोबाइलला रेंज नाही, बायका वैतागलेल्या. तेव्हा ताईंनी तोंड उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही.

पण ताईंचा व्हॅम्पायर विलायती नाही बरं का! त्याचं नाव दिग्विजय. पेशवाईतला घोडेस्वार, खंडाळ्याच्या रानात त्याला कुणीतरी चावलं आणि तेव्हापासून गडी विशीतच अडकलाय. त्याचं प्रेम चिंचवडच्या रेवावर. रात्रभर तो तिच्या खिडकीसमोरच्या झाडावर बसून तिला झोपलेली बघत राहतो. तिनं कुणाशी बोलावं, कुठं जावं, सगळ्यावर त्याचं लक्ष. आणि चावायची इच्छा तर इतकी, की बिचारा तळमळतो, पण चावत नाही. ह्या जागी बस हमखास सुस्कारा टाकायची.

झुलेखा तेवढी टाकायची नाही. झुलेखा म्हणजे ताईंची पंधरा वर्षांची मैत्रीण, कासारवाडीच्या वजीर मेकॅनिकची बायको. ती म्हणायची, "मयत झालेल्या माणसाशी निकाह लावायला कुठला काझी तयार होणार गं? आणि रात्रभर झाडावर बसतो तो? आमच्या गल्लीत असा कुणी बसला असता ना, पोरांनी खाली ओढून बुकलला असता." मग सगळ्या हसायच्या आणि गोष्ट पुढं चालायची.

ह्या गोष्टीचा एक रिवाज पडून गेला होता. बसमधली कुणी बाई काम सोडून चालली, लग्न होऊन म्हणा की गावी परत म्हणा, तर शेवटच्या दिवशी तिनं पुढच्या सीटवर ताईंच्या शेजारी येऊन बसायचं. झुलेखानं मागं सरकायचं. आणि त्या दिवशीची गोष्ट ती बाई सांगेल तशी न्यायची. त्यात ताईंनी "पण" म्हणायचं नाही. एकीनं दिग्विजयला जेजुरीला नेलं होतं, एकीनं रेवाच्या सासूला चावायला लावलं होतं. ताईंनी दोन्ही निभावून नेलं.

तर त्या सोमवारी भोसरीला दीक्षा चढली आणि सरळ येऊन म्हणाली, "झुलेखाआपा, मला बसू द्या इथं."

झुलेखा उठून मागच्या सीटवर गेली.

दीक्षा एकोणीस वर्षांची. वर्षभरापूर्वी लाइनवर आली तेव्हा नुसती चिवचिव होती. आई पोळ्या लाटायची कामं करते, घरात दोघीच. पण दिवाळीपासून पोरगी मिटत चालली होती. तिच्यामागं कुलदीप लागला होता. कंपनीत माल पोचवणाऱ्या गाड्यांवरचा सुपरवायझर, दिसायला चिकणा, बोलायला गोड. रोज बसच्या मागं-पुढं त्याची बुलेट. हळूहळू दीक्षा बायकांबरोबर जेवायची थांबली. मोबाइल वाजला की दचकायची. ऐन उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कुर्ते घालायला लागली. ताईंना दिसत होतं सगळं. एकदा विचारलंही होतं, तर पोरगी हसून म्हणाली होती, "काळजी करतो हो तो."

"काम सोडतेस?" ताईंनी विचारलं.

"हो." दीक्षाच्या मांडीवर फुगलेली बॅग होती. ती ताईंच्या कानाशी आली. "आळंदी फाट्यावर उतरणार आहे मी. कुलदीप थांबलाय. त्याच्या गावी जातोय आम्ही. आईला माहीत नाही. तुम्हीपण सांगायचं नाही, शपथ आहे." आणि मग डोळे असे काही चमकवून म्हणाली, "ताई, तुमच्या दिग्विजयसारखाच आहे तो. रात्र रात्र आमच्या बिल्डिंगखाली उभा असतो. मी कुणाशी बोललेलं त्याला सहन होत नाही. एवढं प्रेम कोण करतं?"

 हे शब्द ताईंचेच होते. "एवढं प्रेम कोण करतं?" हे रेवाच्या तोंडी त्यांनीच घातलं होतं, आणि तेव्हा अख्खी बस कशी गप्प झाली होती ह्याचा त्यांना अभिमान वाटला होता. आज त्याच अभिमानाची त्यांना लाज वाटली.

"मग माझी मागणी ऐका," दीक्षा आता मोठ्यानं म्हणाली. "आज दिग्विजयनं रेवाला चावायचं. तिनं त्याच्यासारखं व्हायचं आणि घर सोडून त्याच्याबरोबर जायचं. खुशीनं."

बसमध्ये टाळ्या पडल्या. किती महिने त्या चावण्याची वाट बघत होत्या बायका! झुलेखानं मात्र टाळी वाजवली नाही. तिनं फुगलेली बॅग बघितली, ताईंचा चेहरा बघितला आणि काय समजायचं ते समजली. मागच्या सीटवरून वाकून, ड्रायव्हरकडं बघत कुजबुजली, "अर्जुनरावांना सांगते मी. मध्ये कुठं गाडी थांबवायचीच नाही."

"थांब," ताई मागं वळून हळूच म्हणाल्या. "पोरगी कळती आहे. आपण कोंडून नेली तर त्याच्यात न् आपल्यात फरक काय गं? आणि आज कोंडू, उद्याचं काय?"

"मग बघत बसू?"

 बसनं मोशी सोडलं होतं. एरवी तासभर रखडवणारा रस्ता आज नेमका मोकळा! इंद्रायणीचा पूलसुद्धा बघता बघता मागं गेला. ताईंना आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅफिक हवा होता.

त्यांनी गोष्ट सुरू केली. रिवाज तो रिवाज, मोडला असता तर पोरीनं कान मिटून घेतले असते. रेवा खंडाळ्याच्या दरीवर उभी राहिली, दिग्विजय जवळ आला, तिनं मान कलती केली. ताईंनी कसूर काही ठेवली नाही. तो चावला. मागच्या सीटवरची एक बाई चक्क "अगं बाई" म्हणाली. दीक्षा डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या ओठांवर असं हसू होतं, की ताईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली.

"झाली रेवा त्याच्यासारखी," ताई म्हणाल्या.  "खूश झाली. त्याचा हात धरून चालायला लागली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, दिग्विजय, पुढच्या आठवड्यात आईला एकदा भेटून येईन हं मी. तर तो म्हणाला, आता कुठली आई?"

दीक्षानं डोळे उघडले. "असं नाही म्हणणार तो."

"का नाही म्हणणार?"

"प्रेम आहे त्याचं."

"बाई, दोनशे वर्षं मी ओळखते त्याला," ताई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "कुलदीप काय म्हणेल?"

दीक्षा लाल झाली. "तो हो म्हणेल. लगेच हो म्हणेल."

"तुझ्याएवढी खात्री मला नाही. पण तू म्हणतेस तर असेल." ताईंनी तिचा हात हातात घेतला.  "एक कर. बस थांबली, दार उघडलं, की पायरीवरूनच विचार त्याला. पुढच्या आठवड्यात आईला भेटायला येऊ ना आपण? एवढंच. तो हो म्हणाला की उतर. मी स्वतः तुझी बॅग खाली देते, आणि तुझ्या आईला समजावायला मी जाते. तिची बोलणी मी खाते."

"आणि नाही म्हणाला तर?"

"मला काय विचारतेस? तू बघ."

दीक्षानं मान डोलावली. कुरुळी मागं पडली.  गोष्ट कुठंतरी भलतीकडंच गेली आहे हे शेवटच्या सीटपर्यंत पोचलं होतं. ताईंच्या मनात एकच धास्ती. तो "हो" म्हणाला तर? गोड बोलणारा माणूस, "हो" म्हणायला त्याचं काय जातं? आणि मग आपण शब्द दिलाय, आपल्याच हातानं बॅग खाली द्यायची! काय बुद्धी सुचली आपल्याला, असं वाटून त्या रडायच्या बेताला आल्या.

आळंदी फाटा आला. बुलेट बाजूला लावून कुलदीप उभा होता. अर्जुनराव वीस वर्षं ही बस चालवतात, एरवी तोंडातून शब्द काढायचे नाहीत. त्यांनी आरशातून ताईंकडं बघितलं. ताईंनी मान डोलावली. दार उघडलं.

दीक्षा पायरीवर गेली. कुलदीप हसला, काय देखणा हसला मेला!

"पुढच्या आठवड्यात आईला भेटायला येऊ ना आपण?" दीक्षानं विचारलं.

"आधी उतर तरी. मागं गाड्या खोळंबल्यात."

"नाही, सांग ना. येऊ ना?"

"बघू नंतर. चल."

"हो म्हण ना नुसतं." तिचा आवाज असा काही आला, की झुलेखानं तोंडाला पदर लावला.

कुलदीपचं हसू गेलं. त्यानं एक पाय पायरीवर ठेवला आणि बसमधल्या बायकांवरून नजर फिरवली. "कुणी शिकवलं हे? ह्यांनी? सांगितलं होतं ना ह्या बायकांत बसायचं नाही म्हणून? मोबाइल दे इकडं." तिनं द्यायच्या आत त्यानं तो ओढून घेतला. "आईबिई आता विसरायचं. उतर म्हटलं की उतरायचं. तुला कुणी विचारलंय?" आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

लांब बाही वर सरकली. हिरवेनिळे डाग सगळ्यांना दिसले.

बायका उठून उभ्या राहिल्या. ताईंचा हात दीक्षाच्या खांद्याकडं गेला आणि त्यांनी तो मोठ्या कष्टानं मागं घेतला. एवढं एक तिनंच करायला हवं होतं. तो क्षण काही केल्या संपेना. मागं ट्रक हॉर्न देत होता, कुलदीप ओढत होता, आणि दीक्षा दांडी धरून त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिला तो आज पहिल्यांदाच दिसत असावा.

"अर्जुनराव," ती म्हणाली. ट्रकच्या हॉर्नमध्ये ते कुणाला ऐकूच गेलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, "अर्जुनराव, दार लावा."

दाराची फस्सकन हवा सुटली आणि ते मिटायला लागलं. कुलदीपनं पाय आणि हात दोन्ही मागं घेतले, नाहीतर अडकले असते. बस निघाली. त्यानं बुलेट काढली, चौकापर्यंत खिडकीवर थपडा मारत, घाणेरड्या शिव्या देत येत राहिला. सगळ्या बायका त्या बाजूला जाऊन खिडक्यांना पाठ लावून उभ्या राहिल्या. बस एका अंगाला कलली तरी एकही हलली नाही. अर्जुनरावांनी फोन लावून कंपनीच्या गेटवरच्या सिक्युरिटीला त्याच्या बुलेटचा नंबर सांगितला, पोलिसांनाही बोलवायला सांगितलं. एवढं बोलताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

दीक्षा खाली, सीटच्या मधल्या जागेत बसली होती. रडत नव्हती. दातखीळ बसल्यासारखी नुसती बसली होती. ताई तिच्याशेजारी फतकल मारून बसल्या. 

"आईला फोन लावायचाय," चौक मागं पडल्यावर दीक्षा म्हणाली.

झुलेखानं आपला मोबाइल पुढं केला. पलीकडून पोळपाट-लाटण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, आणि मग, "कोण बोलतंय?"

"आई, मी."

"हा कुणाचा नंबर गं? पोचलीस का कंपनीत?"

"पोचतेय." दीक्षानं फोन दोन्ही हातांनी धरला. "संध्याकाळी घरी येते मी."

"अगं बाई, मग काय रोज दुसरीकडं जातेस? येताना मेथीची जुडी घेऊन ये. ताजी बघून घे, मागच्या वेळी पिवळी आणली होतीस."

"आणते," दीक्षा म्हणाली, आणि मग कुठं तिला रडू फुटलं.