पायावरचं बाळ आणि माझी झोप

“बाई, तुम्ही झोपत नाही. रात्रभर गुदमरता.” बीडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवत सांगितलं. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया असं त्याचं नाव. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून आपल्याला जागं करतो. आपल्याला ते कळतही नाही. माझं असं तासाला चाळीसदा होत होतं.

मला काहीच वाटलं नाही. टेबलावर अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा घसा ठेवला होता, मी त्याच्याकडे बघत बसले. शेजारी मालक बसले होते, टोपी मांडीवर घेऊन. डोळे त्यांनीच पुसले. त्याचा मात्र मला राग आला.

मी उमापूरजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे. वीस वर्षं लोकांची लेकरं वजनकाट्यावर ठेवली, काय खावं, काय खाऊ नये ते बायांना सांगितलं. आणि माझीच साखर सात वर्षं माझं ऐकत नव्हती. मी भात सोडला, चहातली साखर सोडली, संक्रांतीला तिळगूळ नुसता हातात धरून गोड बोलले. तरी एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब, नऊच्या खाली येईना. गेवराईचे डॉक्टर गोळी वाढवायचे आणि हसत विचारायचे, “चोरून खाता का?” मी खात नव्हते. पण किती वेळा सांगणार? शेवटी शेवटी मीही हसायला लागले.

घोरण्याबद्दल मात्र खोटं बोलत होते. बाप्या माणूस घोरला तर त्याला गाढ झोप लागली म्हणतात, बाई घोरली की तिचं हसं होतं. म्हणून लग्नाकार्यात मी कधी मुक्कामाला थांबले नाही, शेवटच्या एसटीनं घर गाठायचे. मालक कित्येक वर्षं शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याच्या छपरात, जनावरांपाशी झोपायचे. “जित्राबांना कोण बघणार?” असं आम्ही दोघंही लोकांना सांगायचो. खरं कारण आम्ही एकमेकांनाही सांगितलं नव्हतं.

दिवसा रजिस्टर भरताना डोळे मिटायचे, पेन कागदावर घसरत जायचं. हा साखरेचा थकवा, असं मी धरून चालले होते.

मग माझी लेक मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. नातीला न्हाऊ घालायचं काम अर्थातच माझं. आमच्याकडे पाटावर बसून पाय लांब करतात आणि बाळाला पायावर घेतात. माझ्या आईनं मला असंच न्हाऊ घातलं, मी मनीषाला. विसाव्या दिवशी सकाळी नात पायावर पालथी होती. मी पाठीवर कोमट पाणी घातलं. त्यापुढचं मला आठवत नाही.

मनीषाच्या ओरडण्यानं डोळे उघडले. बाळ पायावरून घसरलं होतं, तोंड न्हाणीत साचलेल्या पाण्यात. तांब्या माझ्या हातात तसाच होता. मनीषानं लेकराला उचललं, पालथं धरलं, पाठ चोळली. ते खोकलं, मग रडलं. दुपारी मालक आणि ती बाळाला गेवराईला दाखवून आले. छाती साफ होती. मी घरीच होते, मला कुणी चल म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या शांताबाई न्हाऊ घालायला येऊ लागल्या. मी चुलीवर पाणी तापवून द्यायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. लेक मला काही बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला रडूही आलं नाही. सगळं अंग बधिर झालं होतं.

चार दिवसांनी तीच बोलली. “आई, तू घोरती त्याचं मला काय न्हाई. पण तू मधीच गप व्हती. श्वास बी घेत न्हाईस. मी आकडे मोजत पडती, धा, पंधरा, ईस. मंग तू गचका देऊन श्वास घेती. मला लई भ्या वाटतंय.” आणि वडिलांना तिनं बजावलं, “अप्पा, डॉक्टरला समदं खरं सांगा.”

मालक मला बीडला घेऊन गेले. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं, “घोरता का?” मी म्हणाले, “नाही.”

मालक म्हणाले, “घोरती, सायेब. लई घोरती. जित्राबाचं नुसतं निमित्त हाय. मी तेच्यापायीच आखाड्यावर झोपतो.” दार उघडंच होतं, बाहेर रांगेत माणसं बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या एका वाक्यामुळं तपासणी झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली नळी, असं सगळं लावून एक रात्र झोपायचं. त्याचाच तो रिपोर्ट.

“श्वास कोंडला की शरीराला वाटतं संकट आलं,” डॉक्टर म्हणाले. “मग ते रक्तात साखर सोडतं, बीपी चढवतं. इन्शुलिनचं काम बिघडतं. वजन वाढलं तर घसा आणखी दबतो. दोन्ही आजार एकमेकांना धरून वाढतात.”

“म्हणजे मी चोरून खात नव्हते?” मी विचारलं.

“ते तुम्हालाच माहीत,” ते हसले. “पण न खाताही साखर अशी अडून बसू शकते.”

सात वर्षं मला हे कुणीतरी म्हणायला हवं होतं.

उपचार म्हणजे सीपॅप नावाचं मशीन. नाकावर मास्क बसवायचा, हवेच्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. पहिला आठवडा फार वाईट गेला. नाक कोरडं पडायचं, गालावर वळ उठायचे. दोनदा मास्क काढून भिरकावला. वीज गेली की मशीन बंद, म्हणून इन्व्हर्टर आणला. डॉक्टरांनी बजावलं होतं की साखरेच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. नवव्या दिवशी सकाळी उठले तर डोकं जड नव्हतं. त्याच आठवड्यात मालकांनी आपली वाकळ आखाड्यावरून घरी आणली.

तीन महिन्यांनी साखर आठच्या खाली आली. “सगळं श्रेय मशीनला देऊ नका,” डॉक्टर म्हणाले, “आता जाग्या असता, म्हणून चालायला जाता.” खरंच आहे ते.

बायांनो, गोळ्या घेऊन, पथ्य पाळून साखर हटत नसेल आणि घरात कुणी तुमच्या घोरण्याला हसत असेल, तर लाज गुंडाळून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. मी सांगितलं नाही, त्याची किंमत माझी नात मोजणार होती.

पाचव्या महिन्यात मनीषा सासरी निघाली. निघायच्या आदल्या सकाळी शांताबाई यायच्या आत तिनं पाट मांडला आणि म्हणाली, “आई, बस.” मी पाय लांब केले. तिनं बाळ माझ्या पायावर ठेवलं. मला वाटलं, दारातच उभी राहील. ती उभी राहिली नाही. आत जाऊन केस विंचरायला बसली, माझ्याकडे पाठ करून.

नात माझ्याकडे बघत पाय झाडत होती. मी पूर्ण जागी होते. आणि बाळ घसरलं त्या दिवशी वाटायला हवी होती ती भीती तेव्हा आली, सगळी एकदम. मी तांब्या खाली ठेवला, बाळाला दोन्ही हातांनी धरलं आणि रडून घेतलं. आतून मनीषानं विचारलं, “काय झालं, आई?”

“काही न्हाई,” मी म्हणाले. पाणी गार व्हायला लागलं होतं, म्हणून अंघोळ उरकली.