घोडी, मँडोलिन आणि डेरेकचे पाय

मँडोलिन शिकायचं एक वय असतं, आणि माझं ते जन्माच्या आधीच उलटून गेलं होतं.

हे मला कळलं इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकमध्ये, अडतिसाव्या वर्षी. पुण्याहून आयटीच्या नोकरीसाठी इथे येऊन चार वर्षं झाली होती. एका शनिवारी चॅरिटी शॉपच्या, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या, काचेत ते दिसलं. आठ तारा, पोटावर ओरखडा, चेहरा गरीब. मी ते उचलून घरी आणलं.

"ठेवायचं कुठे?" बायकोने, म्हणजे मृणालने, विचारलं.

वाजवायचं कुठे, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. पुढे पडला. रोज पडला.

ऑफिसमधल्या एकाने मला डेरेककडे पाठवलं. डेरेक म्हणजे पासष्टीचा निवृत्त बसड्रायव्हर. तो बँजो वाजवायचा. रविवारी दुपारी आमच्या भागातल्या पबमध्ये तो आणि त्याचे पाच साथीदार गोल बसून ब्लूग्रास वाजवत, म्हणजे अमेरिकेच्या डोंगरांतलं, ऐकणाऱ्याला धाप लागेल अशा वेगाचं संगीत. (आमच्या हॅम्पशर परगण्यात डोंगर नाहीत. त्यांचं कुणाचं त्यावाचून अडलं नव्हतं.) डेरेकने मला एकच धून दिली आणि म्हणाला, "ही बसली की तू आमच्यात."

त्या धुनेचं इंग्रजी नाव एका बिथरलेल्या घोडीवरून होतं, म्हणून आमच्या घरात तिला नुसतं 'घोडी' म्हणत. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. ऐकायला सोपी. वाजवायला घेतली की डाव्या हाताची करंगळी कुठल्या कुठे जाते आणि उजवा हात अंगावर पाल पडल्यासारखा झटकत राहावा लागतो.

मी ती आपल्या पद्धतीने शिकायचं ठरवलं. सगळी घोडी वहीत सारेगममध्ये लिहून काढली. पुण्याहून आणलेलं तबल्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र लावलं, त्रितालात, सगळ्यात कमी वेगावर. डेरेकची घोडी अर्ध्या मिनिटात संपायची. माझी मध्यंतर मागायची.

सात महिने हे चाललं. शेजारची बाई आधी हसायची, मग नुसती मान हलवायची, मग बागेत माझी चाहूल लागली की घरात जायची. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिने आठवडाभर शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "एवढ्या दिवसांत अथर्वशीर्ष पाठ झालं असतं रे. आणि ते कुणाला ऐकायला लागलं नसतं."

शेवटी मृणालने निकाल दिला. "शिरीष, या रविवारी जा. त्यांनी तुला ग्रुपमध्ये घेतलं तर मँडोलिन घरात राहील. नाही घेतलं तर सोमवारी ते जिथून आलं तिथे परत."

"सोमवारी मला मीटिंग आहे."

"मी नेईन ना. माझ्या वाटेवरच आहे."

तिच्या आवाजात इतकी तयारी होती की मला घाम फुटला. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. खरं सांगतो, जीव जडला होता माझा त्या लाकडावर. दिवसभर लोकांच्या कोडमधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी हक्काने स्वतःच्या करायच्या, याच्यासारखं सुख नाही.

रविवारी गाडीत आई मागून म्हणाली, "पहिल्यांदाच चार लोकांत वाजवतोयस. आधी ज्यांनी शिकवलं त्यांच्या पाया पड."

"आई, इथे तसं नसतं."

"गुरू आहेत ना? मग सगळीकडे तसंच असतं."

मी मान डोलावली. पण पोचेपर्यंत त्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या, डेरेकने मला शेजारच्या खुर्चीत कोंबलं, आणि एवढंच सांगितलं, "शेवटी फक्त माझ्याकडे बघ." समोरच्या टेबलाशी आई ऑरेंज ज्यूसचा ग्लास दोन्ही हातांनी धरून, पर्स मांडीवर घेऊन बसली. पबमध्ये तिचं हे पदार्पण होतं. शेजारी मृणाल.

घोडी सुटली. मी आश्चर्यकारकरीत्या तिच्या पाठीवर होतो! पहिला भाग दोनदा झाला. दुसऱ्यातला अवघड चढ आला, तोही निभावला. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, आणि मी डेरेककडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघत उजवा पाय गुडघ्यातून उचलून सरळ पुढे धरला.

गुरूला स्वतः पाय पुढे करावा लागला! शिष्य इतका निर्लज्ज, की आठवण करून द्यायची वेळ यावी! मी वाजवणं सोडलं, वाकलो, आणि त्याच्या बुटाला हात लावून कपाळाला लावला.

(पाय उचलणं म्हणजे 'ही शेवटची फेरी, आता थांबा' अशी या लोकांची खूण असते. हे जगातल्या प्रत्येक ब्लूग्रासवाल्याला माहीत असतं. आता मलाही आहे.)

डेरेकने दचकून पाय खाली घेतला. बाकीच्यांनी पाय खाली गेलेला पाहिला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"ऑल राइट, मेट?" डेरेकने हळूच विचारलं. मी कृतज्ञतेने मान हलवली आणि धावत्या घोडीवर परत चढलो. फेरी संपत आली तशी त्याने सावधपणे, माझ्यापासून लांबचा, डावा पाय उचलला.

बरोबरच होतं. एका पायाला नमस्कार करून कसं चालेल? मी मँडोलिनसकट त्याच्या मांडीवरून आडवा झालो आणि दुसराही पाय गाठला. मँडोलिनचं डोकं त्याच्या बरगडीत बसलं. पाय खाली. घोडी पुन्हा सुरू.

आता फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवणारी मार्गारेट लालबुंद झाली होती. गिटारवाल्याने डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या खेपेला डेरेकने चाणाक्षपणा केला. माझा हात पोचू नये म्हणून त्याने पाय थेट समोरच्या टेबलावर ठेवला. आईच्या ऑरेंज ज्यूसशेजारी.

मला वाटलं, आता आई उठून जाणार. ती उठली, पण जवळ आली. "अगं मृणाल, यांच्या पायात गोळा आलाय. मघापासून बघतेय, बिचारे सारखा पाय ताणतायत." पर्समधून बामची डबी निघाली. डेरेक बँजो वाजवत असताना माझ्या आईने त्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर सरकवली आणि पोटरीला बाम चोळायला सुरुवात केली.

"आई, अहो सोडा त्यांना!" मृणाल धावली.

"सोडते काय? हे असं दाबून खालीच धरायला लागतं." आणि तिने तो पाय टेबलावरून उतरवून जमिनीवर दाबून धरला. पाय खाली! घोडी पुन्हा पहिल्यापासून!

ती धून त्या दिवशी किती वेळा वाजली हे कुणी मोजलं नाही. डेरेकच्या बँजोची तार तुटली तेव्हा ती थांबली. मग बारमागच्या माणसाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मार्गारेट टेबलावर डोकं ठेवून हसत होती.

मृणालने शरमेने लाल होत डेरेकला सगळं समजावलं. पाया पडणं म्हणजे काय, कुणाच्या पडतात, का पडतात. डेरेकने ऐकून घेतलं. मग स्वतःच्या बुटांकडे बघितलं. "छत्तीस वर्षं बस चालवली," तो म्हणाला, "कुणी थँक्यूसुद्धा म्हणत नसे." आणि त्याने आईचा बामाचा हात हातात घेतला.

मी धीर करून विचारलं, "मग? मी तुमच्यात?"

"अर्थात. दर रविवारी यायचंच. आईंना घेऊन." डेरेकने मृणालकडे पाहिलं, मग माझ्या मँडोलिनकडे, आणि अगदी हळुवार आवाजात म्हणाला, "ते मात्र घरी राहिलं तरी चालेल."

"मला नाही चालणार," मृणाल म्हणाली, आणि सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना ते वाटेत देऊन आली. रविवारी आता मी ग्रुपमध्ये अगदी मध्यभागी, रिकाम्या हातांनी बसतो. सगळे म्हणतात, माझी लय खूपच सुधारली आहे.