सव्वाबारा वाजता किसनराव कुठं होते?

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात देव नव्हता तसं भूतही नव्हतं. वडील धम्माच्या चळवळीतले. अंगात येणाऱ्या बाईला ते आधी डॉक्टरकडे न्यायचे. मीही तशीच वाढले. या पानावरचे भुताखेतांचे अनुभव वाचून आजवर हसतच आले… आज स्वतः लिहितेय.

मी छत्रपती संभाजीनगरमध्ये असते. एका कारागृहात वरिष्ठ कार्यक्रम अधिकारी आहे. कुठल्या ते सांगत नाही. कैद्यांचे साक्षरता वर्ग, सुतारकाम, समुपदेशन हे सगळं माझ्या सहीनं चालतं. कामात मी कडक आहे. लोक खडूस म्हणतात, तेही खोटं नाही.

किसनराव जन्मठेपेचे कैदी. देवगाव रंगारीकडचे, साठी ओलांडलेले, कपाळावर जुन्या जखमेची खूण. बायकोचा खून केला होता, तोही मुलीच्या डोळ्यांदेखत. ती मुलगी, सुनंदा, तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्याच साक्षीवर ते आत आले. ती एकदाही भेटायला आली नाही.

म्हाताऱ्याला अक्षरओळख नव्हती. दोन वर्षं माझ्या वर्गात बसून जेमतेम एक शब्द शिकले — मुलीचं नाव. तेसुद्धा चुकीचं. अनुस्वार कायम शेवटच्या अक्षरावर द्यायचे. ‘सुनदां’. मी चारचौघांत त्यांची पाटी वर धरून दाखवायची. वर्ग हसायचा. वाटायचं, लाज वाटली की सुधारतील.

त्या दिवशी पुण्याहून वरिष्ठ पाहणीला येणार होते. साठीत लिहायला शिकलेला कैदी म्हणून मी किसनरावांना पुढं बसवलं होतं. एप्रिलचं ऊन, वर पत्रे. दहा वाजता ते हवालदार शिंद्यांच्या आधारानं माझ्यापाशी आले.

“मॅडम, छातीत लई दुखायलंय. हात बी जड पडलाय.”

“पाहणीच्या दिवशी कुणाला ना कुणाला दुखतंच,” मी म्हणाले. “बसा.”

शिंदे हळूच म्हणाले, “मॅडम, एकदा डॉक्टरला दाखवून आणतो. दहा मिनिटं लागतील.”

“साहेब गेले की दाखवा.”

साहेब अकराला येणार होते. बारा वाजले तरी पत्ता नव्हता. किसनराव पहिल्या रांगेत, मांडीवर पाटी घेऊन, डोळे मिटून बसले होते. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. मी पाहत होते. पाहूनही उठवलं नाही, हे मुद्दाम लिहितेय.

बरोबर सव्वाबाराला टेबलावरचा फोन वाजला. गेटवरचा कारकून होता. “मॅडम, वाळूजकडून पोलिसांचा फोन आलाय. बजाजनगरातून एका बाईची तक्रार आहे, जन्मठेपेचा कैदी पळून तिच्या दारात आलाय म्हणून. किसन नाव सांगते. कैद्यांची मोजणी करायची का?”

मी समोर पाहिलं. “कशाला? माझ्यासमोर बसलाय. खात्री करा म्हणावं पोलिसांना.” फोन ठेवला आणि मला हसू आलं. “किसनराव, तुम्ही पळालात म्हणे.”

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, दुसरीकडेच कुठंतरी बघत होते.

“नाय मॅडम,” ते म्हणाले. “आलो माघारी. तिनं दार लावून घेतलं.”

फोनवर कोण काय बोललं हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. ‘ती’ हा शब्दसुद्धा माझ्या तोंडून गेलेला नव्हता. शिंद्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “उन्हानं बरळतायत.” आणि हजेरीपट पुढं ओढला.

साहेब एकला आले. मी किसनरावांना फळ्याकडे बोलावलं. भिंतीला धरून उठले. नाव लिहिलं, चुकीचंच. टाळ्या झाल्या. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. किसनराव फळ्याच्या कडेला हळूहळू खाली बसले, आणि मग आडवे झाले. दवाखान्यात नेताना वाटेतच गेले.

माझ्या जबाबात मी लिहिलं — ‘सकाळपासून कोणतीही तक्रार नव्हती.’ शिंद्यांनाही तेच लिहायला लावलं. त्यांच्या पेन्शनला दोन वर्षं राहिली होती, त्यांनी लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सुनंदा आली. बत्तीस-तेहतीसची, नवरा एका कंपनीत कामाला. देह ताब्यात घ्यायच्या सह्या करून झाल्यावर म्हणाली, “एक विचारू का? त्या दुपारी हे बाहेर कसे आले होते?”

“आले नव्हते. इथंच होते. चाळीस माणसं साक्षीला आहेत.”

ती सांगू लागली. बारा वाजून गेले होते, दारावर थाप पडली. उघडलं तर बाप उभा, कैद्याच्या पांढऱ्या कपड्यांत. म्हणाला, “सुने, तुझं नाव लिहाया शिकलो. दाखवू का?” हिनं दार लावून घेतलं आणि पोलिसांना फोन केला. खिडकीतून पाहिलं तर तो विटेच्या तुकड्यानं भिंतीवर काहीतरी लिहीत होता. शेजारच्या काकूंनीही त्याला हटकलं होतं. पोलीस आले तेव्हा कुणी नव्हतं.

तिनं मोबाईल पुढं केला. पिवळ्या भिंतीवर, दाराच्या कडीजवळ, लाल अक्षरं होती. सुनदां.

फोटोवरची वेळ मी पाहिली. बारा वाजून बावीस मिनिटं.

“त्यांना काय झालं होतं? सकाळी बरे होते का?” तिनं विचारलं.

“बरे होते. एकदम झालं.”

“म्हणजे मी दार लावलं त्याचंच…” ती एवढंच म्हणाली. पदर तोंडाला लावला. “आईसाठी रडले नव्हते मी कोर्टात. आज ह्या माणसासाठी रडायलेय.”

तिला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. समोर माझा सही केलेला जबाब होता. मी बेल वाजवून शिंद्यांना बोलावलं आणि तिला गेटपर्यंत सोडायला सांगितलं.

कुणी म्हणेल तोतया असेल. पण किसनरावांचा अनुस्वार कुठं चुकतो हे त्या वर्गाबाहेर कुणाला माहीत होतं? आणि किसनराव ते वाक्य कुणाकडून ऐकून बोलले? नंतर मी एकदा बजाजनगरला जाऊन आले. भिंत रंगवलेली होती. शेजारच्या काकूंनी त्या माणसाचं वर्णन केलं, कपाळावरच्या खुणेसकट.

सुनंदाच्या दारापर्यंत गेले होते. आत भांड्यांचा आवाज येत होता. मी थाप न मारता परत फिरले.